गाडीत बोलायचं नाही

त्या साली आमच्याकडं दुधात घालायलाही पाणी उरलं नाही. जनावरं चारा छावणीत गेली, गावची दूध सोसायटी बंद पडली आणि चेअरमननी तिची रिकामी खोली आम्हाला दिली, कारण आधीची दोन वर्षं आम्ही ज्या देवळाच्या पडवीत बसायचो ती नुकतीच पडली होती. पाऊस पडून दूध सुरू होईपर्यंत बसा म्हणाले. आम्ही म्हणजे मी, बालवाडीतून निवृत्त झालेली बाई, आणि एक म्हातारे हलगीवाले काका. रोज अकराच्या सुमारास आजूबाजूच्या गावांतली दहाबारा माणसं तिथं जमायची. अंगानं वाढलेली, समजेनं मागं राहिलेली, घरच्यांनी वर्षानुवर्षं ओसरीवर बसवून ठेवलेली. त्यांच्यासोबत गावातली एक शिंपीण, पंक्चर काढणारा आणि ज्याला त्या दिवशी काम नसेल तो. दुष्काळात रिकाम्या माणसांना तोटा नव्हता. सगळे मिळून हलगी वाजवायचे, भिंती रंगवायचे आणि स्वतःच जुळवलेली नाटकं करायचे. गाव त्याला येड्यांची शाळा म्हणायचं आणि मला येड्यांची बाई. मी आधी भांडायची. एकदा त्याच पत्त्यावर आलेलं पत्र पोस्टमननं बरोबर मला आणून दिलं, तेव्हा भांडणं सोडलं.

आमचा नियम एकच होता, ज्याचं त्यानं बोलायचं. कुणाला नाव विचारलं तर आईनं सांगायचं नाही, मी सांगायचं नाही, त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं. माझा स्वभाव तापट. चहाला उकळी येईपर्यंत मी तीनदा झाकण उचलते. तरी त्या खोलीत मी थांबायला शिकले.

चौसाळ्याहून एक जण यायचा, तिशीतला. पहिलं वर्षभर त्यानं मान वर केली नाही. पुढं आम्ही दूध सोसायटीचं नाटक बसवलं, त्यात तो सेक्रेटरी झाला. कॅनमध्ये नाक खुपसून तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "पाणी हाय," आणि गाव हसून लोळायचं. मग तो प्रत्येकाशी बोलायला लागला. एवढा बोलायचा की काका वैतागून म्हणायचे, ह्याचं तोंड आहे का पाणचक्की.

त्याचे आईवडील दर हंगामाला ऊस तोडायला जायचे. आमच्याकडं येण्याआधी त्यालाही बरोबर न्यायचे. दोघं पहाटेपासून फडात, मागं बघायला कुणी नाही, म्हणून त्याला खोपीपाशी पायात दोरी घालून गाडीच्या चाकाला बांधून ठेवायचे. त्याच्या आईनंच मला हे सांगितलं, घरातली सोय सांगावी तसं. मी तिच्यावर चिडले होते, मग माझीच मला लाज वाटली. 

तो आमच्याकडं यायला लागल्यापासून हंगामात त्याची चुलती त्याला घरी ठेवून घ्यायची, पण दिवसभर तो आमच्याकडं असेल तरच. आधी दुधाच्या टेम्पोतून तो फुकट यायचा. दूध गेलं तसा टेम्पोही गेला. आता रोज बसनं यायचं तर सवलतीचा पास हवा, आणि पासाला अपंगत्वाचा दाखला. दाखला मिळाला तर तो आमच्याकडं, नाही मिळाला तर पुन्हा चाकाला.

दाखल्याच्या शिबिराला मी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन गेले. डॉक्टर दमलेले होते, पण माणूस चांगला. त्यांनी नाव विचारलं, यानं सांगितलं. गाव, वार, बोटं किती, सगळं थांबून थांबून पण स्वतः सांगितलं. वर डॉक्टरांनाच विचारलं, "तुमचं नाव काय?" डॉक्टर खूश झाले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पासाला लागतं त्यापेक्षा कमी टक्के अपंगत्व लिहिलं. मीही मूर्खासारखी हसत उभी होते. कागद हातात आला तेव्हा कळलं काय झालं ते.

बाहेर लिंबाखाली त्याची आई माझ्यापुढं बसली. पोरगा भेळ खात होता.

"बाई, तुमीच शिकवलं त्याला," ती म्हणाली. "आता तुमीच इसरवा."

महिन्यानं फेरतपासणी होती. मी काकांना विचारलं, त्याला गप्प राहायला शिकवू का. काकांनी हलगी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हात बसायला लई दिवस लागतात बाई, आन एकदा बसला की उठवता येत न्हाई. कशापायी असलं शिकवता?" मी त्यांच्यावर ओरडले. दोरी तुम्ही सोडवायला जाणार का, असं मी त्यांना म्हणाले.  त्यांच्याकडंही दुसरा उपाय नव्हता. आणि खोटं तरी काय होतं त्यात? त्याला एकट्याला रस्ता ओलांडता येत नव्हता, चूल पेटली तर कुणाला हाक मारायची हे सुचत नव्हतं. बोलता येत होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मी त्याला सांगितलं, नवीन नाटक आहे. त्यानं विचारलं, "माझं काम कोणाचं?" मी म्हणाले, जो बोलत नाही त्याचं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "येतंय मला ते." महिनाभर आम्ही तालीम केली. मी डॉक्टर व्हायची, नाव विचारायची, आणि तो बोलला की टेबलावर हात आपटायची. असं मी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं.

फेरतपासणीला त्यानं जे केलं ते मी शिकवलेलं नव्हतं. खुर्ची सोडून तो खाली बसला, एक पाय लांब केला आणि त्या पायाकडं बघत राहिला. डॉक्टर बदललेले होते. त्यांनी नाव विचारलं, त्यानं मान हलवली नाही. मग त्याच्या वतीनं सगळं मी सांगितलं. दाखला मिळाला. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "चांगलं झालं ना?" मी त्याला पेढा दिला आणि भिंतीकडं तोंड करून रडले.

आईवडील ऊस तोडायला गेले. तो पास गळ्यात अडकवून गाडीतून एकटा येऊ लागला, तिकडं चुलती बसवून द्यायची आणि इकडं मी उतरवून घ्यायची, तरी त्याचा तोरा बघण्यासारखा होता. पंधरा दिवसांत नवीन कंडक्टर आला. यानं त्याला पुढचे सगळे थांबे घडाघडा म्हणून दाखवले. कंडक्टर आमच्या थांब्यावर उतरून मला म्हणाला, एवढं बोलतो तर पास कशाचा, मला वर कळवावं लागेल. मी हातापाया पडले. त्या दिवशी मी पोराला सांगितलं, गाडीत बोलायचं नाही. नाटक चालू आहे असं समज.

तो नाटकात कच्चा नव्हता. आधी तो गाडीत गप्प राहायचा. मग थांब्यावर, कारण गाडी तिथं येते. मग चुलतीच्या दारापासूनच. खोलीत आल्यावरही त्याचं तोंड उघडायला दुपार व्हायची. सेक्रेटरीचं काम पंक्चरवाल्याला द्यावं लागलं. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, बोल म्हणावं तर पास जातो, गप्प बस म्हणावं तर माणूस जातो. पुण्याहून लेक फोन करायची, आई, किल्ली कुणाला तरी दे आणि ये. कुणाला देणार होते? काकांना दिसत कमी होतं. चेअरमन तर पावसाची वाट बघत होते, पाऊस आला की खोलीही जाणार. सगळं गाव आभाळाकडं बघायचं आणि मी एकटी मनातल्या मनात पाऊस लांबव म्हणायची. असलं मागणं मागायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

हंगाम संपला. त्याची आई ट्रकमधून उतरली ती घरी न जाता थेट आमच्या थांब्यावर आली. अंगावर उसाची धूळ, हातात त्याच्यासाठी गुळाची ढेप. सहा महिन्यांनी लेक दिसणार म्हणून ती माझ्याआधी येऊन उभी होती. बस आली, तो उतरला. ड्रायव्हर चहाला गेला आणि त्याच आठवड्यात बदलून आलेला दुसरा कंडक्टर दारात उभा राहिला.

तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "वळखलं का मला? म्हण की, आई म्हण."

त्यानं ओळखलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं कंडक्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

ती माझ्याकडं वळली. "बाई, सांगा की त्याला, बोल म्हणून. तुमचं ऐकतो त्यो."

कंडक्टर आमच्याकडंच बघत होता. दिवाळी झाली की ती पुन्हा ऊस तोडायला जाणार होती.

"त्याला बोलता येत नाही," मी कंडक्टरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

आणि त्यानं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, बरोबर बोललात, अशी.