कलंदर पोरगी आणि काळा-पिवळा पट्टा

शनिवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, रिटायर झाले आणि काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची अख्खी मिरवणूक अडकून पडली... तीही माझ्यामुळे!

आमच्या भागात माणूस रिटायर झाला की त्याला गुपचूप घरी येऊ देत नाहीत. फुलांनी सजवलेली जीप, 'सेवापूर्ती'चा भला मोठा फ्लेक्स, ढोल-ताशा, गुलाल... आणि मागे कंपनीच्या बसमधून उतरलेली सगळी लाइन, म्हणजे त्याच्यासोबत राबणारे कामगार, युनिफॉर्मवरच नाचत. नवरदेवालासुद्धा हेवा वाटावा असा थाट असतो.

आता माझ्याबद्दल. मी रांगोळी काढते. हौस म्हणून नाही, पोटापाण्यासाठी. लग्नं, मिरवणुका, दुकानांची उद्घाटनं, कुठेही रस्ताभर पायघड्या घालायच्या असल्या की मला फोन येतो. कॉमर्स झाल्यावर अण्णांनी ओळखीने एका ऑफिसात चिकटवलं होतं, पण तिथून मी महिन्याभरात पळाले. तेव्हापासून अण्णांनी मला पदवीच देऊन टाकली... कलंदर.

हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळा लागतो बरं का. अण्णांच्या तोंडी कलंदर म्हणजे पंचिंग नाही, पीएफ नाही, दिवाळीला बोनस नाही असा माणूस. चाकणकडची आत्या "कलंदर हाय पोर" म्हणते ते आजाऱ्याची विचारपूस केल्यासारखं. माझी आयटीतली मैत्रीण "कसली कलंदर आहेस गं तू!" म्हणते, एक उसासा टाकते आणि पुन्हा लॅपटॉप उघडते.

मूळ अर्थ म्हणे भटका फकीर... ज्याला काही साठवायचं नसतं, कुठे थांबायचं नसतं. मला हाच अर्थ आवडतो. मी दिवसभर वाकून जे काढते ते संध्याकाळी लोकांच्या पायांना लागून निघून जातं, आणि त्याचं मला कधीच काही वाटत नाही.

अण्णांना मात्र वाटायचं. इतकं, की त्यांनी लाइनवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, 'पोरगी तळेगावला कंपनीत आहे, क्वालिटीला.' शनिवारी सकाळी आई हळूच म्हणाली, "आजच्या दिवस कुणी विचारलं तर हो म्हण गं... त्यांचा दिवस आहे." रांगोळी हौसेने काढली असं सांगायचं ठरलं. मी मान डोलावली, पण खोटं कशाला सांगू, फार लागलं मनाला.

मग ठरवलं, रांगोळी अशी काढायची की बास! दुपारपासून बसले. गल्लीच्या तोंडापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत अण्णांची लाइन काढली. कन्व्हेयर, त्यावर ओळीने निघालेले गाड्यांचे दरवाजे, डब्याच्या पिशव्या, बसची वाट बघणारी माणसं... आणि चारही बाजूंनी काळा-पिवळा तिरका पट्टा. अण्णांच्या कंपनीतल्या एका फोटोत पाहिला होता. बॉर्डर म्हणून काय उठून दिसत होता!

पाचच्या सुमारास जीप आली. फेटा बांधलेले अण्णा खाली उतरले, ढोलवाले वाजवत वाजवत रांगोळीपाशी आले... आणि मागची सगळी लाइन जागच्या जागी थांबली. एकही माणूस पाय पुढे टाकेना.

मला वाटलं, रांगोळी मोडेल म्हणून लाजतायत. मी हाताने खुणा करतेय, "या ना, तुमच्यासाठीच काढलीय!" तरी कुणी हलेना. ढोलवाल्यांनाही काही कळेना, त्यांनी वाजवायचं थांबवलं.

शेवटी अण्णांचे जोडीदार शिंदेकाका म्हणाले, "अगं, काळा-पिवळा पट्टा हाय न्हवं, कंपनीत धोक्याची खूण ती. त्याच्या आत पाय टाकायचा न्हाई, सवयच लागलीय पायाला." मग माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "तू क्वालिटीला ना? आन् तुला एवढं ठावं न्हाई व्हय?"

सगळ्या गल्लीने ऐकलं. माझ्या तोंडून 'हो' निघेना आणि 'नाही' म्हणायची सोय नव्हती. आयुष्यभराच्या नोकरीचा मान, आणि तो ऐन दारात माझ्यामुळे जाणार... अण्णांकडे बघायची माझी हिंमतच होईना.

अण्णांनी घसा खाकरला.

"ती क्वालिटीला न्हाई. कुठल्याच कंपनीत न्हाई. मी खोटं सांगितलं तुमाला. रांगोळ्या काढती ती. त्याच्यावरच चालतं तिचं. कलंदर हाय माझी पोर!"

शब्द तोच, इतकी वर्षं ऐकलेला. पण या वेळी छाती पुढे काढून म्हटलेला. शेजारचे काका 'आमचा मुलगा इंजिनिअर' म्हणतात ना, अगदी त्याच आवाजात.

मग शिंदेकाका खाली वाकले, रांगोळीत बोट दाखवत म्हणाले, "आयला, ही तर आपलीच लाइन हाय की! आन् हा खांबाला टेकून उभा हाय तो मी का रं?" आणि जो हशा पिकला...

अण्णांनी तिथेच सेफ्टी शूज काढले. ज्या माणसाने उभ्या नोकरीत कधी तो पट्टा ओलांडला नाही, त्याने अनवाणी पहिलं पाऊल आत टाकलं आणि मागे वळून ओरडला, "या रे सगळे, माझ्या जबाबदारीवर!"

मग काय विचारता! ढोल असा वाजला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळी लाइन त्या लाइनीवर नाचली, माझा कन्व्हेयर गुलालात मिसळला, दरवाजे गेले, डबे गेले... उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर रस्त्यावर नुसता रंग उरला होता. मी रडत होते आणि नाचतही होते.

अण्णांच्या लाइनवरच्या सगळ्या काकांनो, मनापासून थँक्यू. तुम्ही सरळ चालत आत आला असतात, तर अण्णा ते वाक्य कधीच बोलले नसते... तुम्ही थांबलात, म्हणून मला माझे वडील मिळाले.