टोप मी जाळला

माझा भाऊ विकास फायर ब्रिगेडमध्ये आहे. सतरा वर्षं झाली. काळाचौकीत आमच्या चाळीत डॉक्टर झाले, वकील झाले, एक जण तर दुबईला जाऊन आला नि सगळ्यांना खजूर वाटले. पण जळत्या घरात स्वतःच्या पायाने आत जाणारा एकच, तो आमच्या घरचा. हे मी सगळ्यांना सांगतो. न विचारता पण सांगतो. कोणाला राग येत असेल तर येऊ दे.

मी राजाराम. आठवी पास. दादरला एका लग्नाच्या हॉलमध्ये आचारी आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. बाबा गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, मग बाबा पण गेले. विकासला मी शिकवला, म्हणजे फी मी भरली, अभ्यास त्याने केला. भरतीच्या वेळी रोज पहाटे शिवाजी पार्कात पळायला मी न्यायचो. तो पळायचा, मी बाकड्यावर बसून ओरडायचो.

माझा भाऊ बोलायला कमी. सहा डिसेंबरला त्याची ड्युटी चैत्यभूमीजवळ लागते. आमची आई, सुंदराबाई, रांगेत सहा तास उभी राहते. दर्शन झालं की गाडी शोधत जाते आणि लांबून त्याला युनिफॉर्ममध्ये बघून येते. हाक मारत नाही. "कामात हाय तो," म्हणते. घरी त्याचा नाद दोनच, कॅरम नि झाडं. एक फुटकं हेल्मेट घरी आणलंय, त्यात मिरची लावलीय. खिडकीत लाल हेल्मेट, त्यातून लाल मिरच्या. आणि तिखट अशी की प्रिती, म्हणजे त्याची बायको, अर्धीच घालते.

त्यांच्या स्टेशनवर मेस आहे. पाळी लावून स्वतःच जेवण करतात. त्या टेबलावर बसलात तर कळेल ही माणसं काय बोलतात. पेपरात येतं तसलं काही नाही. एक म्हणतो, वांग्याला शेंगदाण्याचं कूट लागतंच. दुसरा म्हणतो, वांगंच कशाला लागतं? मग क्रिकेट. मग कोणाच्या पोरीची दहावी. आणि मध्येच शिव्या सुरू होतात. चाळीस मजल्याचा टॉवर, आणि आग लागली तर लोकांनी थांबायचा जो मोकळा मजला सोडलेला असतो, तिथे सायकली, गाद्या, कोणाचा तरी मोडका फ्रिज. गच्चीला कुलूप. चावी कुणाकडे, तर सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी कुठे, तर लोणावळ्याला. आणि त्याच बिल्डिंगीतून दुपारी फोन येतो, "आमच्या एसीवर कबूतर अडकलंय, किती वेळ लावता?" जातात. कबूतर काढतात. विकास म्हणतो, "कबुतराची काय चूक, दादा?" मी असतो ना, तर सेक्रेटरीलाच तिथे बसवला असता.

तर सांगायचं ते हे. विकास लीडिंग फायरमनची, म्हणजे बढतीची, परीक्षा तिसऱ्या वेळी पास झाला. यादीत नाव आलं. आईने चाळीत पेढे वाटले, पंचेचाळीस खोल्यांत. ऑर्डर निघायला महिना होता. तेवढ्या महिन्यात अंगावर डाग नको. शिक्षा लागली तर नाव कट, आणि पुढच्या यादीपर्यंत वय निघून जातं. म्हणजे हीच वेळ, पुन्हा नाही.

रविवार होता. मेसला विकासची पाळी. स्टेशनवरची पोरं कितीतरी दिवस मागे लागलेली, "दादा, लग्नातला तो कोंबडीचा रस्सा एकदा खिलव ना." मी म्हटलं, येतो. बाहेरच्या माणसाला किचनमध्ये सोडत नाहीत हे मला माहीत होतं. पण मी काय बाहेरचा? घरून भाजलेलं खोबरं नेलं, विकासच्या हेल्मेटातल्या मिरच्या नेल्या. मोठा टोप चढवला. कांदा लाल व्हायला आला, वाटण सोडलं, आणि घंटा झाली.

आता त्यांची एक रीत आहे, ती नीट ऐका. घंटा झाली की हातातलं सगळं टाकून गाडीवर. कॅरमची सोंगटी भोकाच्या तोंडाशी असली तरी तशीच. परत येईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. फक्त ज्याची मेसची पाळी, त्याने गॅस बंद करायचा, सिलेंडरचा कॉक फिरवायचा आणि पळता पळता ओरडायचं, "गॅस बंद!" ती आरोळी कानावर आल्याशिवाय ड्रायव्हर गिअर टाकत नाही. बाप आला तरी टाकत नाही.

विकासचा हात कॉकवर गेला. मी तो धरला.

"सोड! वाटण अर्धं भाजलंय. आत्ता बंद केलंस तर कच्चं राहील."

"दादा, नियम आहे."

"अरे, मी आहे ना! अठ्ठावीस वर्षं काय गवत कापतोय? तू निघ!"

त्याने कॉकवरून हात काढला. बाहेर गाडी घरघरत होती. मग तो पळाला. पण आरोळी दिली नाही त्याने. खोटं ओरडायचं त्याच्या तोंडाला येत नाही. गाडी हलेना. तेव्हा मीच किचनच्या दारातून ओरडलो, "गॅस बंद!"

गाडी निघाली.

आणि मग मी काय केलं? मोबाईल काढला नि गेटवर पळालो. कारण विकास खिडकीत बसला होता, हेल्मेटचा पट्टा लावत, सायरन चालू, लाल दिवा, आणि रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते. असा माझा भाऊ मला रोज कुठे बघायला मिळतो? मी शूटिंग केलं. नाक्यापर्यंत मागे गेलो. तिथे एक पानवाला होता, त्याला सांगितलं. त्याच्या गिऱ्हाईकाला सांगितलं. व्हिडिओ चाळीच्या ग्रुपवर टाकला. वर तीन फुगवलेले दंड पण टाकले.

मागे वळलो तर मेसच्या खिडकीतून काळा धूर.

फोन घ्यायला मागे राहिलेला स्वप्नील ओल्या गोणपाटासकट आत घुसला होता. टोपाने पेट घेतलेला, वरचं फळकुट जळालं, भिंत काळी. पाच मिनिटांत विझवलं त्याने. कोणाला काही झालं नाही. पण समोरच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर ध्रुव नावाचा एक गृहस्थ राहतो. त्याने ती पाच मिनिटं अख्खी शूट केली. खाली त्याने गोणपाट धरायला यायचं सोडा, साधी हाक पण मारली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाईलवर नि चॅनेलवर, "आग विझवणाऱ्यांच्याच घरात आग! आपल्या टॅक्सवर कोंबडी पार्टी!"

कोंबडी माझी होती! लालबागच्या मार्केटातून मी आणलेली! टॅक्स कुठला, रे? आणि ती माणसं त्या वेळी कुठे होती? एका बिल्डिंगीत मीटरची पेटी पेटली होती, जिन्यात धूर, दुसऱ्या मजल्यावर म्हातारी अडकलेली. विकासने तिला पाठीवर घेऊन खाली आणली. त्याचा व्हिडिओ नाही. तिथे धुरात कोण उभा राहणार मोबाईल घेऊन? ध्रुवच्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! "हे दिवसभर कॅरमच खेळतात." अरे, खेळणारच! आग लागेपर्यंत काय मेणबत्ती पेटवून सराव करत बसायचं? तुमच्या ऑफिसात दुपारी काय काय चालतं ते मी लग्नाच्या हॉलमध्ये ऐकतो ना, पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत!

चौथ्या दिवशी प्रिती वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीतून खाली आली. डोळे सुजलेले.

"भावजी, ह्यांना मेमो आलाय. ह्यांनी उत्तर पण देऊन टाकलं."

"काय दिलं?"

"गडबडीत माझ्याकडून गॅस चालू राहिला. एवढंच. यादीतलं नाव जाईल म्हणतात."

मी ऐकलं आणि काय केलं सांगू? ध्रुवला शिव्या दिल्या. चॅनेलवाल्यांना दिल्या. साहेबाला दिल्या. सगळ्यांना दिल्या, एक जण सोडून.

खाली कट्ट्यावर तात्या बसलेला. आमच्याच मजल्यावरचा, पेन्शनर, जिभेला हाड नाही. म्हणाला, "काय राजाराम, तुमच्या विकासला आता कोण विझवायला जाणार?"

"तात्या, तोंड सांभाळ! सतरा वर्षांत एक चूक नाही त्याची!"

"आता झाली ना."

"त्याची नाही झाली!"

"मग कोणाची?" त्याने शांतपणे चष्मा लावला, मोबाईल काढला आणि माझाच व्हिडिओ मला लावून दाखवला. "एक वाजून बारा मिनिटं. 'बघा बघा, हा माझा भाऊ, आमच्या घरचा वाघ!' हा आवाज तुझाच ना? तू गेटवर. विकास गाडीवर. मग टोपावर कोण होतं, रे?"

कट्ट्यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो.

ड्युटीवर जाण्याआधी विकास मिरचीला पाणी घालत होता. मी वर गेलो.

"खोटं का लिहिलंस?"

"खोटं काय आहे? पाळी माझी होती. हात मी काढला."

"मी धरला होता तो!"

"दादा, बाहेरचा माणूस आत होता असं लिहिलं असतं तर मेस बंद केली असती. आठ जणांनी चोवीस तास काय वडापाव खायचा?"

"आणि तुझं नाव? आईने पेढे वाटले त्याचं काय?"

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "ड्रायव्हरने आरोळी ऐकली म्हणून गाडी काढली. माझ्या नावावर तू ती आरोळी दिलीस. मी कधीच दिली नसती."

आयुष्यात माझ्याशी तो एवढं कडक कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, उद्या येतो तुझ्या साहेबाकडे. तो म्हणाला, "येऊ नकोस." म्हणून मी गेलोच.

लग्नाचा पांढरा शर्ट घातला. साहेब खुर्चीत, समोर फाइल. मी आधी दहा मिनिटं टॉवर, गच्चीचं कुलूप आणि मोबाईलवाल्यांवर बोललो. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुद्द्याचं काही आहे का?"

मी व्हिडिओ लावला. तीन मिनिटं माझाच आवाज त्या खोलीत ओरडत होता, पानवाल्याला सांगतोय, गिऱ्हाईकाला सांगतोय. माझा व्हिडिओ मला पहिल्यांदाच लांब वाटला. साहेबांनी कागद पुढे केला. म्हणाले, "लिहून द्या. नाहीतर सांगा, क्लार्क लिहील." मी म्हटलं, मी लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाची काय वाट लागली असेल ती लागो. लिहिलं, की हात मी धरला, आरोळी मी दिली, टोप मी सोडून गेलो, भावाने नियम सांगितला होता.

साहेबांनी वाचलं. "तुम्ही काम काय करता?"

"आचारी."

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

"आणि टोप सोडून गेलात?"

बस. एवढंच बोलले. ध्रुवच्या व्हिडिओखाली लिहिलेल्या सगळ्या शिव्या एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. आमच्या धंद्यात चुलीवरचा टोप सोडून गेलेल्याला दुसऱ्या दिवशी कोणी कांदा कापायला पण उभा करत नाही.

मेमोचा निकाल पंधरा दिवसांनी आला. बाहेरच्या माणसाला आत घेतलं म्हणून विकासला लेखी समज. समज म्हणजे शिक्षा नाही, यादीतलं नाव राहिलं. मेस पण राहिली. आणि गेटवर बोर्ड लागला, कर्मचाऱ्यांच्या नातेवाईकांना आत प्रवेश नाही. अख्ख्या स्टेशनच्या नातेवाईकांना माझ्यामुळे बंदी. तेवढे दिवस विकास माझ्याशी बोलला नाही. चहाचा कप आईच्या हातून पाठवायचा.

मग एका दुपारी मी रस्सा करून नेला. घरच्या चुलीवर, शेवटपर्यंत समोर उभा राहून. गेटच्या बाहेर डबे घेऊन थांबलो. स्वप्नील घ्यायला येणार तोच घंटा झाली. पोरं धावली. गाडी दारात आली. आतून आरोळी आली, "गॅस बंद!"

ड्रायव्हर गिअर टाकेना. खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघतोय. "दादा, नक्की बंद आहे ना?"

गाडीत सगळे फुटले. विकास पण. तोंड फिरवून हसत होता, पण हसत होता.

मला राग आला, पण काढायचा कुठे? समोरच एक मोठी गाडी गेटच्या तोंडाशी आडवी उभी होती आणि तिच्यातला माणूस काच खाली करून बंबाचं शूटिंग करत होता. मी डबे खाली ठेवले आणि त्याच्या बॉनेटवर हाताने थाप मारली.

"मोबाईल खाली ठेव! गाडी घे मागे! आत माणूस जळत असेल तिकडे!"

"ओ, तुम्ही कोण?"

सांगणार होतो. जिभेवर आलंच होतं. पण तेवढा वेळ नव्हता.

"मागे घे आधी!" म्हणालो, आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहून दोन्ही हातांनी सगळा ट्रॅफिक अडवला.