वजनकाट्याची मेमरी

गेवराईजवळच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी संगणकांचं काम बघतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जिनिंगमध्ये खरा सर्व्हर एकच. त्याच्या पोटात चार आभासी मशिनी, म्हणजे एकाच संगणकातले चार वेगळे संगणक, चालतात; त्यातली एक वजनकाट्याची. भादव्यात सर्व्हरच्या पडद्यावर दिसलं, की या मशिनीनं सोळा जीबी मेमरी जवळजवळ सगळी खाल्लीय. मशिनीच्या आत जाऊन बघितलं तर वापर जेमतेम पाच. दोन्ही आकडे खरे होते. मशिनीनं एकदा घेतलेली जागा आतून मोकळी केली तरी सर्व्हरला ते कळत नाही, तो ती भरलेलीच धरतो.

मालकांना मी आमच्या उमापूरचं उदाहरण दिलं. दिवाळीनंतर अर्ध्या गल्लीला कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. ग्रामपंचायतीच्या कागदावर मात्र घरं भरलेली. मालक खूश झाले. म्हणाले, "मग निम्मी काढून कॅमेऱ्यांच्या मशिनीला दे."

काट्यावरचे काका ऐकत होते. शाळा सातवी, पण काट्यावर वीस वर्षं झालेली.

"साहेब, कुलूप हाय म्हणून घर पाडता का? उसावरनं आल्यावर त्या माणसानं झोपायचं कुठं?"

"काका, मी आत बघितलंय."

"भादव्यात बघितलंय. दिवाळीनंतर बघा की."

मी हसलो. माझे आईबाप कोयता घेऊन जायचे ते चैतातच परतायचे. कुलपाचं मला काका शिकवणार होते. मशीन बंद करून मी आठ जीबी काढून घेतले.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेली आणि काट्याची मशीन गच्च झाली. स्क्रीन हलेना. शेतकरी अंगावर यायला लागले तशी काकांनी बटण दाबून ती बंद केली. सकाळपासूनची वजनं गेली.

मालक आले. "कुणी हात लावला?"

काका माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, "रिपोर्ट बघून सांगतो." रिपोर्ट मला पाठ होता: मेमरी कमी पडली.

संध्याकाळी मालकांनी, बटण दाबलं म्हणून, काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी सोळा जीबी परत दिले. त्यानंतर मशीन एकदाही अडकली नाही.

काका त्याच महिन्यात टोळीबरोबर ऊसतोडीला गेले, साठीला आलेला माणूस. उमापूरच्या वाटेवर त्यांचं घर लागतं. दाराला कुलूप आहे, आणि मालकांना मी अजून काही सांगितलेलं नाही.