घंटागाडीवरची आक्का

आक्काचा आवाज घंटागाडीच्या भोंग्यावर मात करायचा. भोंगा बंद पडला तरी आमच्या कॉलनीचं काही अडत नसे. उंच, काटक बाई, लुगड्यावर पुरुषी खाकी शर्ट, गालात पानाचा तोबरा. गडमुडशिंगीहून पहाटे यायची आणि ओल्यात सुका कचरा घालणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

कचऱ्यावरून तिला घराघरांतली बित्तंबातमी कळे, आणि ती पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. आमचे अध्यक्ष निवृत्त वकील, गळ्यात माळ. त्यांना भर गल्लीत शांतपणे म्हणाली, "साहेब, श्रावण हाय. हाडं कागदात गुंडाळून टाका की." वकीलसाहेब पुढं महिनाभर बादली घेऊन बाहेर आले नाहीत.

कुणी नाकाला पदर लावला की ती सांगायची, वास तुमच्याच घरचा हाय, मी नुसतं न्यायला आलोय.

एका गणपतीत कॉलनीनं तिचा सत्कार ठरवला. शाल झाली, नारळ झाला. आक्का म्हणजे आपल्या कुटुंबातलीच एक, असं अध्यक्षांनी भाषणात ठासून सांगितलं. मग चहा आला. आम्हाला कपबशीतून, कुटुंबातल्या त्या एकीला कागदी कपातून.

आक्कानं आमच्या कपबश्यांवरून नजर फिरवली. "साहेब, ह्यो कप बी उद्या मलाच उचलायचा हाय. कपबशीतच द्या, इसळून ठेवतो."

मांडवात हसावं की नाही, कुणाला कळेना. वकीलसाहेबांच्या बायको मुकाट्यानं उठल्या आणि आपली भरलेली कपबशी त्यांनी तिच्यापुढं ठेवली. आक्का बशीत ओतून, फुरके मारत, मजेत प्यायली. तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. फाटकाशी उभ्या राहून त्या वकीलसाहेबांच्या कागाळ्या करायच्या.

गेल्या वर्षी कंबरेनं दगा दिला आणि आक्कानं काम सोडलं. शेवटच्या दिवशी सगळी गल्ली फाटकांशी आली. वकिलीणबाईंनी डोळे पुसत तिचा हात धरला आणि विचारलं, "आक्का, तुझं खरं नाव काय गं?"

"सुशीला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. मग म्हणाली, "उद्या नवी बाई येईल. तिला पयल्याच दिवशी इचारा."

दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं बादली पुढं करायच्या आधी नव्या बाईला नाव विचारलं. ती दचकली.

"का ओ? कुणी तक्रार केलीया व्हय?"