फक्त लग्नात वाजवायची कॅसेट

मजीदभाईंना जाऊन सात आठवडे झाले. त्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, कारखान्यात हजेरीपत्रक लिहीत होतो. त्यांच्या दुकानाशेजारचा चहावाला सायकलवरून आला आणि म्हणाला, "तुमचे कॅसेटवाले गेले." मला वाटलं, कुठे गावाला गेले असतील. "कधी येणार?" असं मी विचारलंसुद्धा. त्याने मान हलवली आणि सायकलला टेकून उभा राहिला... तेव्हा कळलं. एक्कावन्न वर्षांचे होते. हृदयविकाराचा झटका आला, घरच्या घरीच.

आमची ओळख भांडणातून झाली, १९८४ साली. निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत, दोन्ही बाजूंना माग खडखडत असताना, त्यांचं सहा फूट रुंदीचं दुकान होतं. गाण्यांची यादी दिली की ते ती कोऱ्या कॅसेटवर भरून देत. माझ्या कॅसेटच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं चाळीस सेकंद राहिलेले असतानाच तुटलं होतं. मी घड्याळ लावून मोजलं होतं. मजीदभाईंना मागांच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. ते म्हणाले, "चाळीस सेकंदांसाठी शेलार गावाहून आलात? कमाल है यार!" मी समजावलं, की साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, तेव्हा आधी गाण्यांची बेरीज करावी आणि मग भरावं. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाची यादी माझ्यापुढे सरकवली. "करा मग बेरीज." पुढची चार वर्षं मी दर शुक्रवारी, माग बंद असत तेव्हा, तिथे बसून मिनिटं-सेकंद जुळवून देत होतो. त्यानंतर माझ्या माहितीप्रमाणे एकही गाणं तुटलं नाही.

त्यांची इच्छा एकच होती. "दुसऱ्यांची गाणी भरून भरून बोटं झिजली. एक कॅसेट अशी पाहिजे, जी ह्याच दुकानात जन्माला आली." माझी आई धवलारीण, म्हणजे लग्नात धवळे गाणारी. हे कळल्यावर मजीदभाई टेपरेकॉर्डर, माइक आणि आठ नवे सेल घेऊन आमच्या घरी आले. आईने चहा दिला आणि विचारलं, "लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही मावशी, नुसतं रेकॉर्डिंग."

"मंग मी गाऊ कशी? पयल्या धवल्यात मी सगल्या देवांना आवतान देते. ते आलं नि इथं मांडव न्हाय, नवरी न्हाय, तं त्यांना बसवू कुठं? तुज्या टेपवर?"

मला वाटलं, आता हे वाद घालणार. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. दावत नसताना पाहुणे बोलवायचे नाहीत." मग माझ्याकडे वळले. "वय किती तुमचं?"

"सव्वीस."

"मावशी, नवरा तर घरातच बसलाय की!"

आईला हसू आवरेना. मी मात्र त्यांना ओळखत होतो. ते थट्टा करत नव्हते. पुढच्या पाच शुक्रवारी दुकानात माझ्या लग्नाखेरीज विषय नव्हता. सहाव्या शुक्रवारी त्यांनी एक कागद पुढे केला. पलीकडच्या गावातल्या एका मुलीने भावाबरोबर गाण्यांची यादी पाठवली होती. प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं आणि सेकंद, खाली दोन्ही बाजूंची वेगळी बेरीज. "ह्या जिल्ह्यात असे दोनच येडे आहेत," मजीदभाई म्हणाले. "दोघं एकाच घरात राहिलेले बरे." मी बेरीज तपासली. बरोबर होती. तीच सुमन, माझी बायको.

१९८८च्या मे महिन्यात आमच्या अंगणात हळद लागली. माइक मांडवाच्या खांबाला बांधला होता. ठरलं असं, की अठ्ठावीस मिनिटं झाली की मी, म्हणजे नवऱ्याने, हात वर करायचा, आईने त्या धवळ्यावर थांबायचं आणि मजीदभाईंनी कॅसेट पलटायची. हिशेब चोख होता. पण हळद लावायला बसवताना काकूंनी माझं घड्याळ काढून घेतलं, हे कुणीच लक्षात घेतलं नव्हतं! मी हळदीने माखलेला, डोळे मिटलेले, मनातल्या मनात सेकंद मोजतोय आणि करवल्या गुदगुल्या करतायत... आकडा चुकला. देवांचं येणं चालू होतं, फीत संपत आली आणि मजीदभाई दुकानातल्या आवाजात ओरडले, "मावशी, थांबा थांबा! देवांना म्हणावं दोन मिनिटं टेका, मी कॅसेट पलटतो!" सगळा मांडव हसला. ते सगळं फितीवर आलं.

त्यांना तेवढा भाग काढायचा होता. आईने काढू दिला नाही. "मांडवात बोललास, तं मांडवातला झालास. ऱ्हाऊ दे." मात्र तिने एक अट घातली. ही कॅसेट फक्त लग्नात वाजवायची. मजीदभाईंनी ती वेष्टनावर छापून घेतली आणि स्वतःही पाळली. दुकानात बाकी सगळं वाजे, पण स्वतःची एकुलती एक कॅसेट त्यांनी नमुन्यापुरतीही लावली नाही. गिऱ्हाईक म्हणे, "जरा ऐकवा तरी." हे म्हणत, "लग्न काढा, मग ऐका." शंभर प्रतींपैकी दहा वर्षांत त्रेसष्ट गेल्या. मी म्हणायचो, अशाने धंदा होत नाही. "मावशीचे पाहुणे आहेत," ते म्हणायचे, "रस्त्यावरून हाका मारून बोलवायचे का?"

ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की जन्मभर लोकांचे आवाज भरणाऱ्या ह्या माणसाचा स्वतःचा आवाज फक्त ह्या कॅसेटवर आहे. अकरा सेकंद. चौथ्या दिवशी मी कॅसेट यंत्रात घातली, बटणावर बोट ठेवलं. आई ओट्यावरून म्हणाली, "लगीन हाय का आज?"

"आई, मजीदभाईंचा आवाज ऐकायचाय."

ती उठून यंत्राजवळ येऊन बसली. "मलाबी ऐकाचाय," ती म्हणाली. "पन त्यानं दहा वरसं पाललं. आपून मोडाचं?"

मी बोट काढलं.

गेल्या गुरुवारी माझ्या धाकट्या भावाची हळद झाली. आईला दम्यामुळे आता गाता येत नाही, म्हणून कॅसेट लावली. ती हळदीच्या ताटाशी बसून स्वतःच्याच आवाजाबरोबर नुसते ओठ हलवत होती. ह्या वेळी घड्याळ माझ्या हातात होतं, पण मी ते बघितलं नाही. मांडवात एकदम तो आवाज आला, "मावशी, थांबा थांबा! देवांना म्हणावं दोन मिनिटं टेका..." पोरीबाळी हसल्या, सुमनने डोळ्यांना पदर लावला. आणि आईने हळदीचा हात उचलला, यंत्राकडे बघत मोठ्याने म्हणाली, "थांबलंय रं बाबा, थांबलंय. पलट तू सावकाश."