सत्काराची शाल

आमच्या भागात एखाद्या माणसाला जवळ येऊ द्यायचे नसेल, तर त्याला कोणी हाकलून देत नाही. त्याचा सत्कार करतात. हे मी ऐकीव सांगत नाही. अशा पुष्कळ सत्कारांत नारळ माझ्याच हातात होता.

गेल्या वर्षी, पन्नाशी उलटून गेल्यावर, मी विद्यार्थी झालो. बी-खताच्या दुकानाचा परवाना टिकवायचा तर अभ्यासक्रम पूर्ण करा, असा नियम आला. केदारखेड्याजवळचे घर सोडून मी जालन्यात स्टेशनामागे खोली घेतली. खोलीतला दुसरा विद्यार्थी तेलंगणातला, माझ्याच वयाचा, कपाशीचे बियाणे पिकवणाऱ्या घरातला. वर्गातल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव ‘आंध्रा’ ठेवले. त्याचे राज्य वेगळे झाल्याचे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि त्यासाठी जीभ वळवण्याची तसदी घेणे वेगळे.

मला तेलुगू येत नव्हती, त्याला मराठी येत नव्हती. तरी पहिल्या आठवड्यातच आमचे जमले, कारण ‘बराबर’, ‘जल्दी’, ‘खर्चा’ हे निजामाच्या राजवटीत वाढलेल्या माझ्या आजोबांच्या तोंडचे शब्द त्याच्या बोलण्यात जसेच्या तसे होते. दुकानाची पाटी लागल्यावर शुद्ध बोलण्याच्या हौसेने मी ते टाकून दिले होते. तो चिंचेचे सार करी. मी भाकरी थापण्याचा आव आणी.

“क्या जी भाई, ये भाकरी है कि तेलंगाना का नक्शा?”

“चुपचाप खाव. नमक बराबर हाय.”

“नमक बराबर है, भाकरी नक्को.”

वर्षभर तो एकच गोष्ट मागत होता. तव्यावरची भाकरी निखाऱ्याला लावल्यावर फुगते कशी, ते त्याला पाहायचे होते. “भाभी बनाते वक्त चूल्हे के सामने बैठना है मेरेकू. और कुछ नक्को.”

एका रविवारी मी त्याला गावी न्यायचे ठरवले आणि आदल्या दिवशी घरी फोन करून कळवले, “पाहुणा येतोय.” चूक इथेच झाली. ‘पाहुणा’ हा शब्द आमच्या गावात फार काळ घरात राहत नाही. तो आधी ओट्यावर जातो, मग पारावर, आणि तिथून थेट मंडपवाल्याकडे.

आम्ही पोचलो तेव्हा माझा चुलतभाऊ, गावचा माजी सरपंच, दारात उभा होता. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, फेटा बांधणारा माणूस, आणि एक फलक: ‘परप्रांतीय मित्राचे हार्दिक स्वागत’. फलकावर चुलतभावाचा फोटो होता. मित्राचा नव्हता.

मी हलक्या आवाजात म्हणालो, “दादा, हे कशाला?”

“आंध्राचा पाहुणा म्हंजे साधी गोष्ट हाय का? गावाची इज्जत हाय. तू गप बस.”

मी गप्प बसलो. गप्प बसण्याला मी आयुष्यभर सौजन्य म्हणत आलो आहे.

शाल माझ्याच कपाटातून निघाली. ती मला एका सभेत मिळालेली. त्या सभेच्या अध्यक्षाला आणखी कुठे मिळालेली असावी. आमच्या तालुक्यातल्या शाली अंगावर फार टिकत नाहीत, त्या प्लास्टिकच्या पिशवीसकट फिरत राहतात. थंडी वाजणाऱ्याकडे मात्र त्यांची फेरी जात नाही. भाषणे झाली. राष्ट्रीय एकात्मतेवर तीन माणसे बोलली आणि त्यांतल्या एकालाही पाहुणा कोणत्या गावचा हे विचारावेसे वाटले नाही. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, “पाहुणे, दोन शब्द बोला.”

फेटा सावरत तो उठला. “मैं तो भाकरी खाने कू आया था जी.”

काय टाळ्या पडल्या! असा विनोद गावाने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

मग पुऱ्या, श्रीखंड आणि गुलाबजाम आले. पाहुण्याला भाकरी वाढणे म्हणजे घराला पुऱ्या परवडत नसल्याची दवंडीच. तो मला सारखा म्हणत होता, “तुम बैठो ना भाई.” मी वाढत राहिलो, यजमान पाहुण्याबरोबर जेवायला बसला तर मान कोणाचा राहणार? वाढणे थांबवून आत गेलो, तर बायकोने फडक्याखालची टोपली उघडून दाखवली.

“पाहुण्याला भाकर पाह्यजे होती नं? मंग ह्या कोन खाईन? तुमचा तो फेटेवाला?”

परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागे बसून तो म्हणाला, “आपके गांव वाले बहुत अच्छे हैं, साब.” ‘तुम’चे ‘आप’ झाले होते, ‘भाई’चा ‘साब’ झाला होता. एका दुपारीत आम्ही माणसाला इतक्या आदराने दूर लोटले होते की त्याला तक्रारही करता येऊ नये. खोलीवर आल्यावर त्याने शाल घडी करून त्याच पिशवीत घातली आणि माझ्या कॉटवर ठेवली. “इसका मेरेकू क्या काम, साब? आपको आगे किसीकू देना होगा.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झोप लागली असती. त्यानंतर आठवडाभर त्याने माझ्या भाकरीची थट्टा केली नाही. मी मुद्दाम कच्ची ठेवून पाहिली. त्याने “अच्छी है, साब” म्हणून खाल्ली.

पुढच्या रविवारी मी त्याला फक्त “चलो” म्हणालो. घरी फोन केला नाही. गाडी गावाबाहेर, ओळखीच्या मळ्यात लावली आणि शेतांच्या बांधावरून चालत आम्ही मागच्या दाराने घरात शिरलो. बायकोने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पाट चुलीसमोर सरकवला. तो मांडी घालून बसला. तव्यावरून उचललेली भाकरी निखाऱ्यापाशी उभी राहिली, टम्म फुगली, आणि तो गुडघ्यावर हात मारून ओरडला, “हौ!”

मीही पाहायला वाकलो.

“हट ना भाई, उजाला रोक रहा तू.”

मी हटलो. तेवढ्यात ओट्याकडून चुलतभावाचा आवाज आला, “कोन आलंय रे? सांगितलं न्हाई ते!” पाठोपाठ फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी.

मी उठलो, मधल्या दाराला आतून कडी लावली, आणि हात धुऊन त्याच्या शेजारी जेवायला बसलो.