हे भाडं नव्हे तर काय?

काकींचं घर एका वाक्यामुळे गेलं आणि ते वाक्य मी लिहिलं होतं. भाटकाराला, म्हणजे बागेच्या मालकाला, त्याच्या वकिलाला आणि जमीन घेणाऱ्या दिल्लीच्या पार्टीला मी शिव्या घालतेच, पुढेही घालीन. पण आधी हे.

गोव्यातलं हे पेडणं आता आपलं राहिलं नाही, असं चहाच्या गाड्यावर सगळे म्हणतात आणि उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, शेवटचा तुकडा चहात बुडवून कामाला जातात. विमानतळ आला, रस्ते रुंद झाले, काजूच्या डोंगरांना तारेची कुंपणं पडली. कुंपणाआड व्हिला झाले. त्यांत कुणी राहत नाही. शनिवारी दिवे लागतात, सोमवारी विझतात. आणि बाजारात कपड्यांच्या दुकानात उभी राहणारी माझी मैत्रीण लग्नाला तीन वर्षं झाली तरी नवऱ्याबरोबर सासूच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, पडदा ओढून झोपते. खोली भाड्यानं मिळते ती अकरा महिन्यांसाठी, तीही विमानतळावरच्या गणवेशवाल्यांना. ह्याच गावात जन्मलेल्यांना विचारतात, ‘तुमचं घर नाही?’ जणू घर नसणं म्हणजे वाईट खोड.

म्हणून आमची समिती. एक निवृत्त मास्तर, मोटारसायकलवरून भाडी मारणारे दोन पायलट, अंगणवाडीतली एक बाई, फुकट केस लढणारा एक तरुण वकील आणि मी. पत्रकं लिहायचं काम माझं. मी लिहायला शिकले तीच पत्रकांवर. मास्तरांचे नियम तीन होते. पान एकच, कारण माणूस बसची वाट बघत उभ्याउभ्या वाचतो. वाक्य लहान. आणि शेवटाला असा सवाल टाकायचा की वाचणाऱ्याची मान आपोआप हलली पाहिजे. तिसरा नियम मला फार आवडायचा.

काकी माझ्या नात्यातल्या नव्हेत, सगळं गाव त्यांना काकी म्हणतं; त्यांचं घर गावाच्या वरच्या अंगाला काजूच्या बागेत होतं. अशी तिथं तेरा घरं. काकींचे सासरे सावंतवाडीकडून काजू वेचायला आले होते. तेव्हाच्या भाटकारानं सांगितलं, बांध इथं घर. त्यांनी मातीच्या भिंती स्वतः घातल्या. काकी लग्न होऊन त्याच घरात आल्या. नवरा पुढे सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला, खाणी बंद पडल्यावर घरी बसला आणि बसल्या जागी गेला. मुलगी डिचोलीला दिली होती, तिच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं. राहता राहिल्या काकी आणि ते घर.

भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीनं घर करून राहणाऱ्याला आमच्याकडे मुंडकार म्हणतात. कायद्यानं मुंडकाराला घरातून काढता येत नाही. तो ते घर आणि भोवतालची थोडी जमीन विकत घेऊ शकतो. आत्ताच्या भाटकारानं बाग विकायला काढली आणि तेरा घरांना ‘समजून घ्या’ असा निरोप धाडला. आम्ही ठरवलं, एक अर्ज आधी जिंकायचा, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. काकींचा अर्ज सगळ्यांत भक्कम होता. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, सगळं.

वकील म्हणाला होता, ‘अर्ज मी लिहितो. तुम्ही काही जोडू नका.’ पण मला फाइल सडपातळ वाटली. काकींच्या कष्टांचं त्यात काहीच नव्हतं. नुसते नंबर. मी ठरवलं, काकींचं एक निवेदन लिहायचं, सहीसकट. तेच पत्रक म्हणून वाटायचं आणि एक प्रत फाइलला लावायची.

दुपारी मी त्यांच्या सोप्यावर वही घेऊन बसले. काकी तांदूळ निवडत होत्या.

‘काकी, भाटकाराला कधी काही दिलंत?’

‘काय देतलंव गो आमी? चवथीक केळ्यांचो घड आणि पाच नारळ. माटोळीक.’

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी भरून टांगतात ती चौकट. भाटकाराच्या माटोळीला घड ह्या तेरा घरांतून जायचे. माझं डोकं फिरलं.

‘दर वर्षी?’

‘मागचे दोन वर्सां नाय. तो म्हणालो, आता फ्लॅटात गणपती, माटोळी लहान.’

‘म्हणजे तुम्ही लावलेल्या केळीचा घड तुम्हीच त्याला नेऊन द्यायचा? आणि तो काय द्यायचा?’

‘ताटभर नेवऱ्यो. आणि एकदा खण दिलो हा त्याच्या आवशीन. बरी होती ती.’

मी लिहिलं: ‘वर्षानुवर्षं, दर चवथीला, केळ्यांचा घड आणि पाच नारळ. हे भाडं नव्हे तर काय?’

वाचून दाखवलं. काकींनी सूप खाली ठेवलं.

‘भाडा म्हणू नको गो बाय. ता देवाचा.’

‘काकी, देवाच्या नावाखाली तो घेत होता. तुम्हाला सवय झाली म्हणून कळत नाही.’

‘नाय गो. घर आमचा. भाडा कशाचा?’

‘तेच तर लिहिलंय! तुमचंच घर आणि तुम्हीच भाडं देताय.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेली पोर आहे, आपल्यासाठी उन्हातान्हात फिरते, असा विचार त्यांनी केला असावा. मी शाईचं पॅड पुढे केलं तर म्हणाल्या, ‘आंगठो कित्याक? मी चवथीपर्यंत शिकलंय.’ आणि सही केली. एकेक अक्षर, वरची रेघ सगळ्यांत शेवटी.

पत्रक गाजलं. पायलटांनी स्टँडवर वाटलं. मास्तर म्हणाले, ‘शेवट झकास.’ फाइल कचेरीत द्यायला मीच गेले आणि प्रत तिला लावली; ती वकिलाला दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. तो काढायला लावेल म्हणून दाखवली नाही.

सुनावणी मामलेदारासमोर होती. भाटकाराचा वकील म्हातारा, गोड बोलणारा. त्यानं काकींना खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग निवेदन हातात घेतलं.

‘आजी, ही सही तुमची?’

‘होय. माझीच.’

‘सुंदर अक्षर आहे. आणि ह्यात लिहिलंय ते खरं?’

काकी वळून माझ्याकडे बघून हसल्या. ‘ह्या बायन लिवला. ती खोटा कित्याक लिवात?’

त्यानं माझं वाक्य मोठ्यानं वाचलं, मास्तरांना आवडला असता तसा सवालावर आवाज चढवून. मग कायद्याचं पुस्तक उघडलं. घराचं भाडं देऊन राहतो तो मुंडकार नव्हे. तो भाडेकरू. भाडेकरूला मुंडकाराचा हक्क नाही. एका ओळीचा अपवाद. मी पत्रकं लिहिली, भाषणं केली, तेरा घरांना ‘कायदा तुमच्या बाजूनं आहे’ असं छातीठोक सांगितलं आणि ती ओळ वाचली नव्हती.

आमचा वकील उभा राहिला. चवथीची भेट ही भेट असते, भाडं नसतं, असं त्यानं बरंच सांगितलं. मामलेदार म्हणाले, ‘अर्जदारच भाडं म्हणते. मी काय करू?’ आणि घड्याळ बघितलं. निकाल आला तेव्हा त्यात माझं वाक्य अवतरणात होतं. फक्त प्रश्नचिन्ह काढलेलं.

बाहेर वकील पायऱ्यांवर बसला. ‘मला का नाही दाखवलंस?’

‘तू काढायला लावलं असतंस. फाइल जाड दिसावी म्हणून लावलं.’

‘जाड,’ तो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

काकींना काय झालं ते मीच सांगितलं. बस स्टँडवर, बाकावर. त्यांनी पिशवीचे बंद ओढून घट्ट केले. ‘मी तुका म्हटलेला,’ एवढंच म्हणाल्या. त्यात राग नव्हता. पुढची बस आली तशी उठून चढल्या.

अपील केलं आहे. तारखा पडतात. पण स्थगिती मिळाली नाही आणि दिल्लीच्या पार्टीच्या माणसानं महिन्याभरात बाकीची बारा घरं एकेक करून गाठली. काकींचा निकाल तो खिशातच ठेवून फिरायचा. देतील ते घेऊन लोकांनी सह्या केल्या. अंगणवाडीच्या बाईनं एका घरी विचारलं, इतक्यात का सोडलंत? तिला उत्तर मिळालं, ‘तुमच्या पत्रकात वाचला नाय? आमी भाडेकरू.’ काकींचं घर मशीननं पाडलं. मातीचं घर पडायला काहीच वेळ लागत नाही.

मग खोली शोधली. मी आणि एक पायलट, पेडण्यापासून पार्से, कोरगावपर्यंत. ‘एकटी म्हातारी? आजारी पडली तर?’ ‘ऑक्टोबरपासून टुरिस्ट येतात, तोवर पाहिजे तर ठेवा.’ सरकारी घरांच्या योजनेचा फॉर्म आणला. त्यात राहण्याचा दाखला लागतो. दाखल्याला घर नंबर लागतो. ज्याला घर नाही त्याच्यासाठीची योजना आणि पहिल्याच रकान्यात घर नंबर. ह्यावर मी पत्रक लिहिणार होते. लिहिलं नाही.

शेवटी खोली मिळाली ती हद्दीपलीकडे, सातार्ड्याला. नदी ओलांडली की महाराष्ट्र. सासऱ्यांनी सोडला त्याच जिल्ह्यात काकी परत गेल्या, ह्या वेळी भाड्यानं. त्यांचं गोव्यातलं रेशनकार्ड आता कशाचंच नाही.

गेल्या आठवड्यात मी भेटायला गेले. काकी दारातच उभ्या होत्या. आत बस म्हणाल्या नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच बोलल्या.

‘बाय, रागवू नको. मालकाक कोणी तरी सांगल्यान, ही घरांच्या भांडणातली बाय. तो घाबरलो. म्हणता, उद्या ह्या खोलीवर पण हक्क सांगशात.’

‘मग मी येऊ नको?’

‘ये. पण माझी भाची म्हणून सांग.’

तेवढ्यात मालक खाली आला. साधा माणूस, हातात नळाचा पान्हा. ‘कोण ह्या?’

‘भाची,’ मी म्हटलं.

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ‘बरं. पण वस्तीला राहायचं नाय हं. खोली एकटीक दिलीहा.’

‘नाही राहणार,’ मी म्हटलं. काकींनी मान हलवून त्याला खात्री दिली आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. मी ते बाहेर उभ्यानंच प्याले.